आलेखाने नियत केलेल्या आव्यूहांची लक्षणमूल्ये

दिलेल्या सममित आव्यूहाची लक्षणमूल्ये काढणे हे नित्याचे काम आहे. प्रश्न उलटा केला म्हणजे अडचण येते: आव्यूहात शून्ये कोठे असावीत एवढेच सांगितले, तर लक्षणमूल्ये कोणकोणती संभवतात?

शून्यांची ही मांडणी आलेखाने सांगता येते. दोन शिरोबिंदू कडेने जोडलेले असतील तर, आणि तरच, त्यांच्या स्थानीचा घटक शून्येतर असतो. कर्णावरील घटक मात्र कोणत्याही वास्तव संख्या असू शकतात.

पथाचा आव्यूह त्रिकर्णी असतो. कर्णावरील प्रत्येक घटकातून एकच संख्या वजा करून पहिला स्तंभ व शेवटची ओळ गाळली, तर उरलेला आव्यूह त्रिकोणी होतो व त्याच्या कर्णावर कडांचे शून्येतर घटक येतात. म्हणून कोणत्याही लक्षणमूल्याला एकाहून अधिक स्वतंत्र लक्षणसदिश मिळत नाही. सर्व मूल्ये भिन्नच असतात. उलट, कोणत्याही भिन्न वास्तव संख्या पथाला साधता येतात. हा पुनरावृत्तीचा संपूर्ण निषेध पथाखेरीज अन्य कोणत्याही आलेखात नाही, हे फीडलर यांनी १९६९ मध्ये दाखविले.

चार शिरोबिंदूंच्या ताऱ्यात पुनरावृत्ती चालते, परंतु कोठेही नाही. कर्णावर शून्ये व कडांवर १ ठेवल्यास मूल्ये −√३, ०, ०, √३ येतात. ०, ०, १, २ ही मात्र कधीच येणार नाहीत. एखादे मूल्य कोणत्याही टोकाच्या कर्णघटकाशी जुळत नसेल, तर मध्यबिंदूचा घटक कळताच सर्व लक्षणसदिश निश्चित होतो. मग ते मूल्य दोनदा येणे अशक्य. सबब दुहेरी मूल्य टोकाच्या एखाद्या कर्णघटकाइतकेच असले पाहिजे. ते टोक व मध्यबिंदू यांच्या २×२ उपआव्यूहाची एक राशी त्याहून लहान व दुसरी मोठी असते. कोशी यांच्या अंतर्ग्रथन प्रमेयानुसार संपूर्ण आव्यूहासही तशी मूल्ये असतात. अर्थात दुहेरी मूल्य टोकाचे असू शकत नाही. कोणत्याही वृक्षात लघुतम व महत्तम मूल्य एकेकदाच येते, हे याचेच व्यापक रूप होय.

येथवर पाहून असे वाटू लागते की, पुनरावृत्तींचा क्रम एकदा ठरला की प्रत्यक्ष संख्या हव्या तशा घ्याव्यात. पथाबाबत ते खरेही आहे. परंतु बारिओली व फॅलट यांनी २००४ मध्ये १६ शिरोबिंदूंचा एक वृक्ष पुढे ठेवला. त्यातील एका क्रमासाठी मूल्यांमधील अंतरांनाही एक समीकरण पाळावे लागते. क्रम संभवतो, संख्या मात्र स्वैर राहत नाहीत.