घरांत कोणाचें पत्र यावें?

आमच्या तीर्थरूपांचें वर्षश्राद्ध होऊन चार दिवस झाले होते. पाहुणे आपापल्या गांवीं परतले होते. वसईच्या आमच्या इमारतीच्या जिन्याखालील टपालपेटींतून धाकट्या पुतण्यानें नेहमीप्रमाणें कागदांचा भारा वर आणिला. त्यांत एक लांबट, गुळगुळीत पाकीट होतें. त्यावर तीर्थरूपांचें पूर्ण नांव सुबक अक्षरांत छापिलेलें होतें, आणि आंत त्यांचें अभिनंदन केलेलें होतें. त्यांची पत उत्तम असल्यामुळें त्यांस कांहीं लाखांचें कर्ज मिळण्याजोगें होतें. त्यांनीं केवळ सही करावयाची होती. मातोश्रींनीं चष्मा लावून तें पत्र दोनदां वाचिलें. "यांना कोणी कळविलें नाहीं का रे?" एवढेंच त्या म्हणाल्या.

आम्हीं त्या कंपनीस कळविलें. मृत्यूच्या दाखल्याची प्रतही जोडली. तरी पुढील दोन महिने तीर्थरूपांच्या नांवाचीं पत्रें येतच राहिलीं, आणि तिसऱ्या महिन्यांत मातोश्रींच्या नांवाचें एक पाकीट आलें. आमच्या पत्राचा त्या कचेरींत एवढाच उपयोग झाला असावा, असें आम्हांस वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

हा प्रसंग सांगण्यांत आमचें घरगुती दुःख वाचकांपुढें मांडण्याचा हेतु नाहीं. आपल्या घराचा पत्ता कोणाकोणाच्या वहींत आहे, तो तेथें कसा गेला आणि तो काढून घेण्याचा अधिकार आपणांस आहे कीं नाहीं, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाचा आहे, म्हणून हा प्रपंच.

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजीं स्थापन झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत येथील वस्ती बारा लाखांवर भरली. जेथें केळींच्या व पानवेलींच्या वाड्या होत्या, तेथें आतां इमारतींच्या रांगा आहेत, आणि इमारतीच्या तळमजल्यावर पत्र्याच्या टपालपेट्यांची एक भिंत असते. माल विकणाऱ्यास याहून सोयीचें दुसरें काय असणार? पूर्वीं ज्याला चाळीस आंगणें तुडवावीं लागलीं असतीं, त्याचें काम आतां एका जिन्याखालीं पांच मिनिटांत होतें.

जाहिरात ही मुळांतच वाईट वस्तु आहे, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. मासिकें व वर्तमानपत्रें जाहिरातींच्या आधारानेंच चालतात. शेजारच्या गल्लींत नवा दवाखाना उघडला, एखाद्या भगिनीनें दिवाळीचा फराळ करून देण्याचें काम हातीं घेतलें, तर तें चार घरांस कळावें कसें? असें एखादें हस्तपत्रक आम्हीं स्वतः जपून ठेविलें आहे. प्रश्न बंदीचा नाहीं, संमतीचा आहे. आपल्याकडे येणारा मनुष्य आंगणांतून हांक मारितो. "या" म्हटल्यावर उंबरठा ओलांडतो. जाहिरातीनें तेवढी रीत पाळावी, इतकेंच मागणें आहे.

हें मागणें जगाला नवें नाहीं. अमेरिकेंत १९६७ सालच्या एका कायद्यानें गृहस्थास असा हक्क दिला कीं, एखाद्या विक्रेत्याची जाहिरात आपणांस अश्लील वाटत असल्याचें त्यानें टपालखात्यास कळवावें, आणि त्या विक्रेत्यानें त्याचें नांव यादींतून काढून टाकावें. जाहिरात अश्लील आहे कीं नाहीं याचा निर्णय सर्वस्वीं गृहस्थाचा. विक्रेत्यांनीं याविरुद्ध दाद मागितली. परंतु ४ मे १९७० रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला कीं, नको असलेलें साहित्य दुसऱ्याच्या घरांत धाडण्याचा हक्क कोणासही नाहीं. जर्मनींतील श्रेष्ठ न्यायालयानें १९८८ च्या डिसेंबरांत ठरविलें कीं, टपालपेटीवर 'जाहिराती नकोत' अशी चिठ्ठी असेल तर ती मानलीच पाहिजे. अॅमस्टरडॅम शहर तर त्याहीपुढें गेलें. १ जानेवारी २०१८ पासून तेथें ज्याच्या पेटीवर 'होय' अशी चिठ्ठी असेल, त्याच्याच पेटींत बिननांवाचीं जाहिरातपत्रकें टाकतां येतात. व्यापाऱ्यांनीं विरोध केला, पण २०२१ सालीं नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानें शहराची बाजू उचलून धरली. जर्मनींत मौन म्हणजे संमति आणि अॅमस्टरडॅममध्यें मौन म्हणजे नकार, असा या दोन रीतींतला भेद आहे. आम्हांस दुसरी रीत अधिक सभ्य वाटते.

आपल्याकडे या दिशेनें पहिलें पाऊल पडलें तें कागदासाठीं नव्हे, फोनसाठीं. नको असलेल्या जाहिराती टाळूं इच्छिणाऱ्यांची नोंदवही २००७ सालीं सुरू झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१० व २०१८ सालीं तिचे नियम अधिक कडक केले. १९०९ या क्रमांकावर नोंद करून सर्व जाहिराती बंद करतां येतात, किंवा बँक, घरें, शिक्षण, आरोग्य अशा विषयांपैकीं हवे तेवढेच चालू ठेवितां येतात. नोंद असूनही कोणी त्रास दिला तर पूर्वीं तीन दिवसांत तक्रार करावी लागे. २०२५ च्या दुरुस्तीनें ती मुदत सात दिवसांची झाली. कागदी टपालासाठीं मात्र १९०९ सारखा एखादा क्रमांक आपल्याकडे नाहीं.

तथापि कागदाचीही वाट अगदींच बंद नाहीं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ च्या ऑगस्टांत झाला. तो संगणकांतील माहितीस लागू आहे. पण विचार करा, आमच्या तीर्थरूपांचें नांव त्या पाकिटावर कोणी दौत-टाक घेऊन लिहिलें होतें काय? तें संगणकांतील यादींतूनच उतरलें होतें. म्हणजे पत्र कागदाचें असलें तरी त्याचें मूळ या कायद्याच्या कक्षेंत येतें. दिलेली संमति परत घेतां येते, आणि ती घेणें देण्याइतकेंच सोपें असलें पाहिजे, असें हा कायदा म्हणतो. माहिती खोडून टाकण्याची मागणी करण्याचा हक्कही त्यांत आहे. आमच्या अनुभवावरून सर्वांत मोलाचें वाटलें तें कलम असें: आपल्या पश्चात् हे हक्क कोणी बजावावे, त्याचें नांव आपण हयातींतच नेमून ठेवूं शकतों. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यांत, अमलांत यावयाचीं आहेत.

कायदा येईल तेव्हां येईल. तोंवर गृहस्थाच्या हातीं कांहींच नाहीं, असें समजूं नये. जाहिरातीचा कागद आपल्या घरीं तीन वाटांनीं येतो. पहिला नांवानिशीं टपालानें येतो. त्याचें पाकीट न फोडतां त्यावर 'नाकारलें' असें लिहून तें टपालवाल्याकडे परत द्यावें, आणि कंपनीस लेखी कळवून त्याची प्रत ठेवावी. दुसरा बिननांवाचा, जिन्याखालील पेटींत टाकिलेला. गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत एक ठराव करावा, पत्रकांसाठीं फाटकाजवळ एक वेगळी पेटी ठेवावी आणि रखवालदारास तशी ताकीद द्यावी. ज्याला हवें तो तेथून उचलील. तिसरा वर्तमानपत्राच्या घडींतून येतो. पेपरवाल्यास सांगून पाहावें. ऐकला तर उत्तम, न ऐकला तर निदान आपली इच्छा त्यास कळली.

घरांच्या जाहिरातींविषयीं आमच्या वसई-विरारकरांनीं अधिक सावध राहावें. २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपारा पूर्वेस उच्च न्यायालयाच्या आदेशावरून एकेचाळीस अनधिकृत इमारती पाडण्यांत आल्या आणि शेंकडों कुटुंबें उघड्यावर आलीं. त्या लोकांनीं पत्रकें वाचूनच घरें घेतलीं, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु २०१६ च्या कायद्याप्रमाणें नोंदणीस पात्र असलेल्या योजनेच्या जाहिरातींत महारेराचा नोंदणीक्रमांक असावाच लागतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. ज्या पत्रकावर हीं दोन्हीं नाहींत, तें उंबरठ्याच्या आंत घेऊंच नये.

शेवटीं एक गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबांविषयीं. पत्ता एकाचा नसतो, सर्वांचा असतो. मुलें दुकानांतील सोडतीच्या चिठ्ठीवर घरचा पत्ता लिहून देतात, सूनबाई सवलतीच्या कार्डासाठीं देतात, आणि आम्ही वडीलधारे कोणी अदबीनें विचारिलें कीं खुशाल देऊन मोकळे होतों. एकानें उघडलेल्या दारांतून जें आंत येतें, तें सर्वांस सोसावें लागतें. यासाठीं आमच्या घरीं आतां एक वही ठेविली आहे. कोणीं कोठें पत्ता दिला, तें त्यानें त्याच दिवशीं तींत लिहावयाचें. पहिल्या महिन्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकीं चार आमच्याच हातच्या निघाल्या, हें सांगावयास आम्हांस लाज वाटते.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मातोश्रींनीं स्वतःच्या हातानें थोरल्या सूनबाईंचें नांव लिहिलें आहे. "माझ्या मागें माझ्या नांवाचीं पत्रें हिनें बंद करावीं," असें खालीं लिहून त्यांनीं सही केली आहे. कायद्याच्या दृष्टीनें त्या सहीस किती किंमत, तें वकिलांनीं सांगावें. आम्हांस मात्र ती पुरेशी आहे.