अंध विद्यार्थ्यालाही वाचता येईल असे पान

शाळेचे दार उघडले म्हणजे पुस्तकही उघडले, असे होत नाही. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडील खेड्यांतही आता नोट्स मोबाईलवर येतात. पण पुष्कळदा ते केवळ पानांचे फोटो असतात. मोबाईलमधील 'टॉकबॅक' आणि संगणकावरील मोफत 'एनव्हीडीए' ही साधने टंकलिखित मजकूर वाचून दाखवितात. फोटोतील अक्षरे त्यांना सरळ वाचता येत नाहीत. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठीही अगम्य ऐकू येते.

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता कामी येते. असंख्य छापील नमुन्यांवरून अक्षरांचे आकार ओळखण्यास शिकलेली संगणक-प्रणाली फोटोतून मजकूर वेगळा काढते. मग तो मराठीत ऐकता येतो. उलट, कर्णबधिर विद्यार्थ्याला शिक्षकांचे बोलणे अक्षरांत दाखविता येते.

मात्र यंत्र चुकते. गणितातील 'घन'चे 'धन' झाले किंवा चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे १९२७ साल १९२१ झाले, तर गुण त्या विद्यार्थ्याचेच जातात. म्हणून मूळ पानाशी ताडून पाहणारा माणूस हवाच.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे. परंतु सर्व काही संस्थांवर सोडून चालणार नाही. समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना आमची नम्र विनंती आहे की, नोट्स युनिकोडमध्ये टाईप कराव्यात आणि आठवड्यातून एक तरी धडा तपासून द्यावा. शिकलेल्यांनी एवढे केले, तर शिकू पाहणाऱ्याची वाट अडणार नाही.