टीव्ही एक, जोडण्या अनेक

रविवारची सकाळ. गुडघेदुखीमुळे स्थानकापर्यंत जाणे होत नाही, म्हणून आजी सामायिक आटोपून प्रवचनासाठी टीव्हीसमोर बसतात आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे उमटतात. आदल्या रात्री नातवंडांनी सेट-टॉप बॉक्सची वायर काढून तेथे गेमची वायर खोचलेली असते. मुले झोपेत, चिरंजीव दुकानी गेलेले. एकत्र कुटुंबात हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. त्यावर ‘दुसरा टीव्ही घ्या’ हा उपाय चटकन सुचतो. परंतु बहुधा त्याची गरज नसते.

साध्या टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या दोन, फार तर तीन खाचा असतात. सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि एक प्लेस्टेशन एवढ्यातच त्या भरतात. मग रोज वायरींची काढघाल सुरू होते. ही खाच टीव्हीच्या मुख्य बोर्डावरच बसवलेली असल्याने ती सैल झाली की दुरुस्ती महागात पडते.

खरेदीपूर्वी कागदावर दोन रकाने आखावेत: एकीकडे खाचा, दुसरीकडे उपकरणे. टीव्ही स्मार्ट असेल तर चित्रपटांसाठी लावलेली वेगळी स्टिक बहुतेकदा अनावश्यक ठरते. साउंडबारला ऑप्टिकल वायरची सोय असेल तर तो त्या वायरीने जोडावा. अशा रीतीने एक पैसाही न खर्चता एखाद-दुसरी खाच मोकळी होते.

तरीही कमी पडल्यास एचडीएमआय स्विच घ्यावा. तीन उपकरणे आत, एक वायर टीव्हीकडे, असे त्याचे काम. साधा स्विच काही शे रुपयांत मिळतो. दुकानात मात्र नेमका शब्द वापरावा. स्प्लिटर नावाचा दिसायला तसाच डबा उलटे काम करतो, म्हणजे एका उपकरणाचे चित्र दोन टीव्हींवर पाठवतो. तो घरी आणून पस्तावणारे कमी नाहीत. आपोआप बदलणाऱ्या स्विचपेक्षा बटण किंवा रिमोट असलेला बरा. काही उपकरणे बंद दिसत असूनही संकेत पाठवत राहतात आणि स्वयंचलित स्विच गोंधळतो.

स्विचमागे काय ठेवावे, याला थोडा विचार लागतो. 2020 साली आलेले प्लेस्टेशन 5 फोर-के चित्र सेकंदाला 120 वेळा पाठवू शकते. त्यासाठी एचडीएमआय 2.1 लागते, जिची क्षमता सेकंदाला 48 गिगाबिटपर्यंत आहे, आधीच्या 2.0 ची 18 होती. टीव्ही त्या दर्जाचा असेल तर हे यंत्र थेट टीव्हीलाच जोडावे. प्लेस्टेशन 3, निन्टेंडो स्विच आणि सेट-टॉप बॉक्स यांना साधा स्विच पुरतो. साउंडबार एआरसीवर चालत असेल, तर त्याची वायर टीव्हीवर ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेतच हवी. स्विचमधून ती नेता येत नाही.

माळ्यावरच्या जुन्या यंत्रांची गोष्ट वेगळी. प्लेस्टेशन 2 च्या सोबतीला पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन टोकांची वायर येते. काही टीव्हींवर पिवळी खाच दिसत नाही, कारण हिरवी खाचच दोन्ही कामे करते. पिवळे टोक तेथे लावून पाहावे. काहींना एकच बारीक छिद्र असते आणि टीव्हीसोबत आलेली जोडवायर लागते. तीही सोय नसल्यास एव्हीचे एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर घ्यावा. उलट दिशेचा कन्व्हर्टरही हुबेहूब तसाच दिसतो, तेव्हा ‘इनपुट’ कोठे लिहिले आहे ते वाचून मगच पैसे द्यावेत. चित्र किंचित उशिरा हलते असे वाटल्यास टीव्हीचा ‘गेम मोड’ सुरू करावा. नव्वदच्या दशकातील कॅसेटच्या गेमसोबत येणारी खेळण्यातील बंदूक मात्र सपाट टीव्हीवर चालणार नाही. ती जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबसाठीच बनलेली होती. ती चालत नाही याचे एखाद्या आजोबांना दुःख होण्याचेही कारण नाही.

ही यंत्रे बंद शोकेसमध्ये कोंडू नयेत, ती तापतात. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून नाव लिहावे. सेट-टॉप बॉक्स स्विचच्या एक क्रमांकावर ठेवावा आणि तेथे लाल टिकली लावावी. मुले उठण्यापूर्वीच आजींना ते बटण दाबून प्रवचन लावता येते.