सरकारी उद्योगांची विक्री – लेखांक ५ : झांबियाचे तांबे

काँगोच्या सीमेलगतच्या कॉपरबेल्ट पट्ट्यातील तांब्याच्या खाणी झांबिया सरकारने प्रामुख्याने १९९७ ते २००० या काळात विकल्या. त्याआधी दारूभट्ट्यांपासून दुकानांपर्यंत सुमारे २८० सरकारी कंपन्यांची यादी विक्रीसाठी तयार झाली होती. त्यातल्या बऱ्याचशा भराभर खपल्या आणि जागतिक बँकेने या वेगाची वाखाणणीही केली. खाणींचे मात्र तसे नव्हते. देशाला मिळणाऱ्या परकीय चलनाचा बहुतांश भाग तांब्यातून येत असे. त्यामुळे हॉटेल विकणे आणि खाण विकणे यांत दुकान विकणे आणि शेत विकणे यांच्याइतका फरक होता.

१९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा या खाणी अँग्लो अमेरिकन आणि रोन सिलेक्शन ट्रस्ट या दोन परदेशी कंपन्यांच्या ताब्यात होत्या. अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी १९६९ मध्ये त्यांतील ५१ टक्के हिस्सा सरकारकडे घेण्याची घोषणा केली. त्या सुमारास वर्षाला ७ लाख टनांहून अधिक तांबे निघत होते. १९७५ च्या आसपास जागतिक भाव कोसळले आणि पुढे दीर्घकाळ पडलेलेच राहिले. १९८२ मध्ये सगळ्या खाणी एकत्र करून झेडसीसीएम ही एकच कंपनी उभी करण्यात आली. खाणीतून येणारा पैसा सरकारी खर्चाकडे वळत गेला. नवी यंत्रे, नवे शाफ्ट, भट्ट्यांची डागडुजी मागे पडली. २००० पर्यंत उत्पादन अडीच लाख टनांच्या घरात आले होते.

झेडसीसीएम ही नुसती खाण कंपनी नव्हती. कामगारांची घरे, दवाखाने, शाळा, नळाचे पाणी, कचरा उचलणे, फुटबॉलचे क्लब हे सारे तीच सांभाळत असे. किट्वे, चिंगोला, मुफुलिरा, लुआनशा या गावांत नगरपालिकेपेक्षा कंपनीचा दरारा मोठा होता. साहजिकच खाण विकली की गावाचे काय, हा प्रश्न विक्रीबरोबरच उभा राहिला आणि त्याला उत्तर म्हणून राहती घरे भाडेकरू कामगारांनाच विकून टाकण्यात आली. दवाखाने आणि पाणी मात्र घरासारखे नावावर करून देता येत नाही.

१९९१ च्या निवडणुकीत कौंडांचा पराभव करून सत्तेवर आलेले फ्रेडरिक चिलुबा मूळचे कामगार संघटनेचे पुढारी. खासगीकरणाचा कायदा आणि त्यासाठीची संस्था १९९२ मध्ये त्यांच्याच सरकारने आणली. झेडसीसीएम अखंड विकायची की तुकड्यांनी, यावर काही वर्षे घोळ चालला. जर्मन सल्लागार कंपनीने तुकडे पाडायचा सल्ला दिला. व्यवस्थापनाचा त्याला विरोध होता. शेवटी तुकडेच पडले.

सौद्याची खरी कथा किमतीपेक्षा वेळेत आहे. १९९७ मध्ये एन्काना आणि न्चांगा या सर्वांत मोठ्या विभागांसाठी परदेशी कंपन्यांचा एक गट पुढे आला होता. सरकारी बाजूने अधिक भावासाठी ताणून धरले. दरम्यान आशियातील आर्थिक संकटाने तांब्याचा भाव घसरला आणि १९९८ मध्ये बोलणी फिसकटली. झेडसीसीएमला रोज सुमारे १० लाख डॉलरचा तोटा होत असल्याचे सांगितले जाई. देणगीदार देशांनी मदतीचे हप्ते खाणींच्या विक्रीशी जोडले होते. हे सारे समोरच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे अक्कल असूनही उपयोग नव्हता, कारण थांबायची ऐपत नव्हती.

या अडचणीचा फायदा खरेदीदारांनी करारातून करून घेतला. प्रत्येक खाणीसाठी स्वतंत्र ‘विकास करार’ झाला. कायद्यात रॉयल्टी ३ टक्के होती, करारांत ती ०.६ टक्के झाली. कंपनी-कर २५ टक्क्यांवर आला. आयात होणाऱ्या यंत्रसामग्रीवरील जकात माफ झाली. जुना तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याची मुभा मिळाली. या अटी १५ ते २० वर्षे बदलायच्या नाहीत, असेही कबूल करून घेण्यात आले. जुन्या प्रदूषणाची बरीचशी जबाबदारी सरकारकडेच राहिली. विक्रीच्या दिवशी चर्चा झाली ती रोख रकमेची. पुढील दशकाची किंमत ठरली ती या कलमांत, आणि ती कलमे बराच काळ लोकांसमोर आली नाहीत.

खरेदीदारही सगळे टिकले नाहीत. लुआनशाची खाण १९९७ मध्ये भारतातील बिनानी समूहाकडे गेली आणि २००० मध्ये दिवाळखोरीत निघाली. २००९ मध्ये ती एका चिनी सरकारी कंपनीने घेतली. एका सरकारकडून निघालेली खाण फिरून दुसऱ्या सरकारकडे पोचली. कोंकोला आणि न्चांगा २००० मध्ये पुन्हा अँग्लो अमेरिकनने घेतल्या आणि भाव सुधारेना म्हणून २००२ मध्ये सोडून दिल्या. २००४ मध्ये वेदांताने अडीच कोटी डॉलर देऊन त्यातील ५१ टक्के हिस्सा मिळवला. (याच समूहाच्या स्टरलाइट कंपनीला १९९३ च्या आंदोलनानंतर रत्नागिरीतील तांबे प्रकल्प गुंडाळावा लागला होता.) त्यानंतर तांब्याचे भाव झपाट्याने चढले. या खाणीतून दरवर्षी किमान ५० कोटी डॉलर मिळतात, असे वेदांताचे प्रमुख अनिल अग्रवाल यांनी बंगळुरूतील एका कार्यक्रमात सांगितल्याची चित्रफीत २०१४ मध्ये झांबियात पसरली आणि गदारोळ उडाला.

भाव चढूनही तिजोरीत फारसे पडत नाही, हे दिसल्यावर सरकारने २००८ मध्ये करार एकतर्फी मोडले, रॉयल्टी ३ टक्क्यांवर नेली आणि अतिरिक्त नफ्यावर कर लावला. त्याच वर्षाच्या अखेरीस भाव कोसळला आणि तो कर २००९ मध्ये मागे घ्यावा लागला.

उत्पादन वाढले हे खरे. २०१३ मध्ये ते ७ लाख टनांपुढे गेले. पण या वाढीत मोठा वाटा कान्सान्शी आणि लुम्वाना या वायव्य प्रांतातील नव्याने उभ्या राहिलेल्या खाणींचा होता. कॉपरबेल्टवरच्या जुन्या खाणींना पूर्वीची पातळी गाठता आली नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यास खाणींत ६० हजारांवर माणसे होती. विक्रीनंतर ती २० हजारांच्या आसपास आली. पुढे रोजगार वाढला, पण त्यात कंत्राटी कामगारांची भर अधिक होती.

२०१९ मध्ये सरकारने कोंकोलाच्या कंपनीवर अवसायक नेमून वेदांताला बाजूला केले; २०२४ मध्ये ताबा वेदांताकडेच परत गेला. एन्काना आणि मुफुलिरा येथील मोपानी खाणींतील आपला हिस्सा ग्लेनकोर या परदेशी कंपनीने २०२१ मध्ये झेडसीसीएमचीच वारस असलेल्या, सरकारी मालकीच्या झेडसीसीएम-आयएचला एका डॉलरला विकला, पण सोबत दीड अब्ज डॉलरचे कर्जही आले. तीन वर्षांनी त्यातील ५१ टक्के हिस्सा अबुधाबीच्या एका कंपनीकडे गेला. ४९ टक्के अजून सरकारी कंपनीकडे आहेत.