मियाटाच्या ब्रेकची ओळखपरेड

जुन्या गाडीचा सुटा भाग मागायला गेलं की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी कोणत्या सालची? बहुतेक गाड्यांना तेवढा पुरतो. पण माझदा मियाटा या दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स गाडीच्या ब्रेकसाठी तो पुरत नाही. आपल्यापैकी ज्यांनी हौसेने जुनी मियाटा घेतली आहे, किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी हे जरूर समजून घ्यावं.

१९८९ मध्ये आलेल्या पहिल्या मियाटात १.६ लिटरचं इंजिन होतं. पुढच्या ब्रेकची चकती (दुकानात तिला रोटर म्हणतात) २३५ मिमी व्यासाची आणि १८ मिमी जाडीची, मागची २३१ मिमी व्यासाची. उत्तर अमेरिकेत १९९४ च्या मॉडेलपासून इंजिन १.८ लिटरचं झालं आणि चकत्याही वाढल्या: पुढे २५५ मिमी व्यास, २० मिमी जाडी, मागे २५१ मिमी व्यास. इथवर साल विचारून भागतं.

गोंधळ होतो जपानहून आलेल्या गाड्यांमुळे. १५ वर्षं पूर्ण झालेली परदेशी गाडी कॅनडात इथल्या सुरक्षा मानकांच्या अटीशिवाय आणता येते. अमेरिकेत त्यासाठी २५ वर्षं थांबावं लागतं. म्हणून उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या, आपल्याला पाहताक्षणी घरच्या वाटणाऱ्या ‘युनोस रोडस्टर’ इथे दिसतात. ही मियाटाच, फक्त जपानी नावाची. जपानमध्ये १.८ चं इंजिन १९९३ मध्येच आलं. म्हणजे १९९३ ची रोडस्टर मोठ्या चकत्यांची असू शकते, आणि कॅनडात विकलेली १९९३ ची मियाटा मात्र लहान चकत्यांची.

यावर उपाय आहे. इथल्या गाडीच्या १७ अक्षरी ओळखक्रमांकातलं दहावं अक्षर मॉडेलचं साल सांगतं: ‘पी’ म्हणजे १९९३, ‘आर’ म्हणजे १९९४. जपानी गाडीला असा क्रमांक नसतो, पण तिचा चॅसी क्रमांक ‘एनए६’ने सुरू होत असेल तर इंजिन १.६ चं, ‘एनए८’ने असेल तर १.८ चं.

तरीही हे सगळं गाडी कारखान्यातून कशी निघाली एवढंच सांगतं. तीस वर्षांत तिचे चार मालक झालेले असतात, आणि स्पोर्ट्स गाडीचा मालक स्वस्थ बसणारा प्राणी नव्हे. १.६ च्या गाडीला १.८ चे ब्रेक लावणं हा या मंडळींचा आवडता उद्योग. पुढचा कॅलिपर तोच चालतो. त्याला धरणारी ब्रॅकेट, चकती आणि पॅड बदलले की झालं. मोह का होतो ते उघड आहे. ब्रेकचा रोधक आघूर्ण म्हणजे घर्षणबल गुणिले त्रिज्या. पॅड दहा मिमी बाहेर सरकला की तेवढ्याच पेडलला साधारण दहा टक्के जास्त पकड मिळते. शिवाय जाड चकती जास्त उष्णता पोटात घेते. एक टनाची गाडी ताशी १०० किमीवरून थांबवताना सुमारे ३८५ किलोजूल ऊर्जा उष्णतेत बदलते. खोलीच्या तापमानाचं लिटरभर पाणी उकळीला आणायला एवढी पुरते. यातली बरीचशी पुढच्या दोन चकत्यांत जाते.

म्हणून शेवटी चाक काढून मोजायचंच. इथे एक गंमत आहे: जाडी मोजून ओळख पटत नाही. २० मिमीची चकती झिजून १८ वर आली की ती नव्या लहान चकतीएवढीच जाड भरते. व्यास मात्र झिजत नाही. कडेला गंजाचा पापुद्रा असतो (रस्त्यावरच्या मिठाची कृपा), तो खरवडून मग मोजा. २३५ आणि २५५ मधला फरक साध्या पट्टीनेही कळतो.

चूक झालीच तर ती दोन प्रकारची असते, आणि दोन्ही सारख्या नाहीत. लहान ब्रॅकेटमध्ये मोठी चकती बसतच नाही. वेळ वाया जातो, एवढंच. उलट मोठ्या ब्रॅकेटमध्ये लहान चकती आरामात बसते. हबचे चार बोल्ट दोन्हींना सारखेच. गाडी चालते, ब्रेकही लागतो. पण पॅडची बाहेरची एक सेंटिमीटर पट्टी हवेत असते, उरलेल्या भागावर दाब वाढतो, पॅड तिरका झिजतो आणि त्याच्या बाहेरच्या कडेला न घासलेला ओठ तयार होतो. हे उतारावर, ब्रेक तापल्यावर कळू नये. जुना पॅड काढल्यावर असा ओठ दिसला तर आधीच्या मालकाने काय केलं ते समजा.

दुसरी घातक जोडी म्हणजे मागे मोठे ब्रेक आणि पुढे लहान. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं हलकी होतात. तीच आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते. पुढची आधी लॉक झाली तर वळत नाही, पण निदान सरळ तरी जाते. म्हणून पुढचं मोजून मागचं गृहीत धरू नका.

पॅड घेताना त्याच्या कडेवर छापलेली दोन अक्षरंही वाचा. पहिलं थंड, दुसरं तापलेल्या स्थितीतला घर्षणगुणांक सांगतं: ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ‘एफई’ असेल तर तापल्यावर पकड कमी होणार. पुढच्या पॅडवर एक आणि मागच्यांवर दुसरी जोडी आली, तर तोच पुढचा-मागचा तोल पुन्हा बिघडू शकतो.

जपानी गाडीच्या मालकांसाठी एवढंच: चकत्या आणि पॅड इथल्याच दुकानातले चालतील, पण मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्याने तिथून निघणाऱ्या नळ्या वेगळ्या वळणाच्या असतात. त्या मागवताना साल न सांगता चॅसी क्रमांकच द्या.