सेकंडहँड किंडल: साल बघून घ्या

ऑगस्ट 2012 मध्ये क्रोमाच्या दुकानांत किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र दिसू लागलं तेव्हा त्याची किंमत होती 6,999 रुपये. पडद्याला दिवा नव्हता, बोट लावून काही व्हायचं नाही, पान उलटायला कडेची बटणं दाबायची. मराठी पुस्तकं तर किंडलच्या ऑनलाइन दुकानात रीतसर आली ती डिसेंबर 2016 मध्ये. तोवर घेतलेली कितीतरी यंत्रं कपाटात गेली होती. हीच यंत्रं आज सेकंडहँड बाजारात फिरतात.

घेणाऱ्याने ध्यानात ठेवायचं साल मात्र वेगळंच: 2015. पेपरव्हाइट या किंडलच्या मॉडेलच्या पडद्यावर एका इंचात 212 ठिपके असत, ते त्या वर्षी 300 झाले. एप्रिल 2025 मध्ये 16,999 रुपयांना आलेल्या नव्या पेपरव्हाइटवरही ते 300च आहेत. पडदा मोठा झाला, 2018 पासून पाण्याची भीती गेली, पानं झटपट उलटू लागली. अक्षर तेवढंच रेखीव राहिलं. दहा वर्षांपूर्वीचा मोबाइल आज कोण वापरेल? किंडल मात्र वापरता येतं.

याचं श्रेय इलेक्ट्रॉनिक शाईला. पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज लागते ती हे कण हलवायला, म्हणजे पान उलटताना. उमटलेलं पान फुकटात टिकतं. म्हणून थकलेली बॅटरीसुद्धा, दिवा मंद ठेवला तर, बरेच दिवस ओढते.

कादंबरी, कथा, आत्मचरित्र असा सलग मजकूर असेल तर या यंत्राला तोड नाही. पीडीएफ दिली की त्याची फजिती होते. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पीडीएफ सहा इंची पडद्यावर उघडली की अख्खं पान आक्रसतं. मोठं करावं तर प्रत्येक ओळ सरकवत बसा. भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल यांचं कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर फाइलचा साचा बदलून देतं खरं, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली मराठी पीडीएफ त्यात घातली तर बाहेर येते इंग्रजी अक्षरांची खिचडी. ईपब या साच्यातलं पुस्तक मिळत असेल तर तेच घ्यावं. 2022 पासून ते किंडलवर सरळ पाठवता येतं.

म्हातारं झालं ते किंडलच्या ऑनलाइन दुकानाशी असलेलं नातं. विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात भरायची सोय फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. चोरीची तक्रार असलेलं यंत्र तर नव्या खात्याला जोडूच देत नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोरच यंत्रातून त्याचं खातं काढून टाकायला लावावं आणि स्वतःचं जोडून पाहावं. एखादी मराठी फाइल टाकून ‘कर्तृत्व’, ‘स्वातंत्र्य’ नीट उमटतात का तेही बघावं. जोडाक्षरं फुटली तर मराठी वाचकाला ते यंत्र निरुपयोगी.

शेवटी पडद्यावर बारीक रेघ शोधावी. आत काच असते, ती पिशवीत दाबली जाऊन तडकते. रेघ दिसली तर कितीही स्वस्त असो, घेऊ नये.