‘सेट’ ह्या क्रियापदाची बैठक

विद्यार्थिमित्रहो, इंग्रजी भाषेंत जे शब्द लांबलचक दिसतात त्यांची तुम्हांस भीति वाटते, आणि जे आखूड असतात त्यांजकडे तुम्ही दुर्लक्ष करतां. वस्तुतः प्रकार बहुधा उलट असतो. लांब शब्दास एकदोनच अर्थ असतात; ते कोशांत पाहिले कीं काम झालें. परंतु अवघ्या तीन अक्षरांनीं लिहिलें जाणारें ‘सेट’ हें क्रियापद पाहा. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ ह्या महाकोशाची पहिली आवृत्ति १९२८ सालीं पूर्ण झाली. १९८९ सालीं दुसरी आवृत्ति वीस खंडांत निघाली. तींत ह्या एका क्रियापदाचे सुमारें ४३० अर्थ दिलेले असून, त्या कोशांतील ती सर्वांत मोठी नोंद होती. पुढें २०११ सालीं ‘रन’ ह्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजण्यांत आले, व ‘सेट’चा पहिला मान गेला, तरी विद्यार्थ्यांची अडचण त्यामुळें कमी झाली असें नाहीं.

चारशें तीस अर्थ कोण पाठ करणार? कोणींच करूं नयेत. अर्थांच्या याद्या घोकून परीक्षेची एक रात्र निभावते, पण भाषा येत नाहीं. ह्या शब्दाची किल्ली आपल्या मातृभाषेंतच आहे, आणि ती कशी हें दाखवावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

मराठींत ‘पडणें’ ह्यापासून ‘पाडणें’, ‘बसणें’ ह्यापासून ‘बसविणें’ अशीं क्रियापदें होतात. त्यांस आपण प्रयोजक क्रियापदें म्हणतों. पहिल्यांत कर्ता स्वतः क्रिया करतो. दुसऱ्यांत तो ती दुसऱ्याकडून करवितो. जुन्या इंग्रजींतही अशी रीति होती. ‘फॉल’ म्हणजे पडणें, तर ‘फेल’ म्हणजे झाड पाडणें. ‘लाय’ म्हणजे आडवें होणें, तर ‘ले’ म्हणजे आडवें ठेवणें. ‘राइज’ म्हणजे उठणें, तर ‘रेज’ म्हणजे उठविणें किंवा उचलणें. ‘सिट’ व ‘सेट’ ही जोडी त्यांतलीच. ‘सिट’ म्हणजे बसणें व ‘सेट’ म्हणजे बसविणें. एवढें एक सूत्र ध्यानांत धरलें म्हणजे अर्धी वाट सरली.

हें नातें तर ह्याहूनही जुनें आहे. संस्कृतांत ‘सद्’ हा बसणें ह्या अर्थाचा धातु आहे. त्याचें रूप ‘सीदति’ व प्रयोजक रूप ‘सादयति’. ‘सिट’ आणि ‘सेट’ हीं ह्याच दोन रूपांचीं दूरचीं भावंडें होत. सदन, परिषद, सभासद हे आपले शब्द त्याच धातूचे. आणि लॅटिन भाषेच्या मार्गानें इंग्रजींत आलेले ‘सेशन’ म्हणजे बैठक व ‘प्रेसिडेंट’ म्हणजे पुढें बसणारा, हेही त्याच कुळांतले. आपलें ‘बसणें’ मात्र निराळ्या धातूचें, ‘उपविश्’ ह्यापासून ‘बैसणें’ होऊन आलेलें आहे. शब्द निराळे, पण दोहोंचा व्यवहार किती सारखा आहे तें पाहा.

सोनार अंगठींत खडा बसवितो. इंग्रज तेथें ‘सेट’ म्हणतो. वैद्य मोडलेलें हाड बसवितो, तेथेंही ‘सेट’. आपण घड्याळ बरोबर लावतों, उंदरासाठीं सापळा लावतों, पदाला चाल लावतों, जेवणासाठीं पानें मांडतों, छापखान्यांत खिळे जुळवितों, लग्नाचा दिवस ठरवितों, लहानांस चांगला कित्ता घालून देतों. आणि शिक्षक प्रश्नपत्रिका काढतात. ह्या सर्व ठिकाणीं इंग्रजींत ‘सेट’ चालतें. मराठींत क्रियापदें बदललीं, तरी आंतली कल्पना एकच आहे: एखादी गोष्ट तिच्या योग्य जागीं अशी बसवावयाची कीं ती तेथें टिकून राहील. चाल शब्दांवर बसली पाहिजे, हाड सांध्यांत बसलें पाहिजे, ठरलेला दिवस ढळतां कामा नये.

येथेंच ‘पुट’, ‘अरेंज’, ‘ले’ आणि ‘सेट’ ह्यांतला भेद कळतो. ‘पुट’ म्हणजे नुसतें ठेवणें. पिशवी कोपऱ्यांत टाकली तरी ‘पुट’ म्हणतां येतें. ‘ले’ म्हणजे आडवें किंवा पसरून ठेवणें. सतरंजी घालणें, विटांचा थर देणें हें त्याचें काम. ‘अरेंज’ म्हणजे अनेक वस्तूंचा परस्परांशीं क्रम लावणें. एकाच खुर्चीस ‘अरेंज’ करतां येत नाहीं, दहा खुर्च्यांस येतें. आणि ‘सेट’ म्हणजे विचारपूर्वक, नेमक्या जागीं, स्थिर ठेवणें. म्हणून ‘शी सेट द लॅंप ऑन द टेबल’ ह्या वाक्यांत दिवा जपून ठेवल्याचा भास होतो. ‘पुट’ घातलें तर दिवा टेबलावर येतो, पण तो भास जातो. जेवणाचें टेबल मांडण्यास ‘सेट’ व ‘ले’ हीं दोन्हीं चालतात. अमेरिकेंत ‘सेट’ अधिक ऐकूं येतें.

आतां दोन सामान्य चुका सांगतों. पहिली ही कीं पाहुण्यास ‘प्लीज सेट डाऊन’ म्हणणें. पाहुणा बिचारा हातांतली पिशवी खालीं ठेवील आणि उभाच राहील. कारण ‘सेट डाऊन’ म्हणजे खालीं ठेवा, अथवा लिहून ठेवा. त्यास बसावयास सांगावयाचें असेल तर ‘सिट’ पाहिजे. दुसरी चूक भूतकाळाची. ‘सेटेड’ असें रूप नाहीं. ‘कट’ व ‘पुट’ ह्यांप्रमाणें हें क्रियापद तिन्ही रूपांत ‘सेट’च राहतें. मात्र वर्तमानकाळीं ‘ही’ किंवा ‘शी’ ह्या कर्त्यापुढें ‘सेट्स’ होतें. म्हणून ‘ही सेट द क्लॉक’ असें दिसतांच ती गोष्ट होऊन गेली असें समजावें.

प्रत्येक नियमास अपवाद असतो, तसा येथेंही आहे. ‘द सन सेट्स’ म्हणजे सूर्य मावळतो. येथें कोणी सूर्यास बसवीत नाहीं; तो स्वतःच खालीं जातो. तसेंच सिमेंट ओलें असतें तें घट्ट होतें, मुरंबा आळतो, तेव्हांही ‘सेट’ म्हणतात. ह्या वाक्यांत कर्म नसतें. पण मूळ कल्पना अगदींच सुटत नाहीं. पातळ वस्तु आपापल्या जागीं बसते, स्थिर होते.

ह्या क्रियापदास एखादें लहान अव्यय जोडलें कीं अर्थ पालटतो. ‘सेट आउट’ व ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासास निघणें. ‘सेट आउट’पुढें ‘टू’ घालून दुसरें क्रियापद आलें तर कांहीं हेतु मनांत धरून आरंभ करणें. तर ‘सेट अबाउट’ म्हणजे प्रत्यक्ष कामास हात घालणें. ‘सेट अप’ म्हणजे दुकान थाटणें, संस्था स्थापणें. ‘सेट इन’ म्हणजे एखादी स्थिति येऊन ठाण मांडून बसणें. पावसाळा, थंडी, कुजणें अशा लवकर न हटणाऱ्या गोष्टींस तें शोभतें, घटकाभराच्या सरीस नव्हे. ‘सेट बॅक’ म्हणजे कामास खीळ बसणें, तें मागें पडणें.

परंतु ‘सेट असाइड’ ह्याविषयीं पालकांनींही सावध असावें. मुलाच्या शिक्षणासाठीं पैसे ‘सेट असाइड’ केले म्हणजे ते राखून ठेवले. पण वरिष्ठ न्यायालयानें खालच्या न्यायालयाचा हुकूमनामा ‘सेट असाइड’ केला असें लिहून आलें, तर तो राखून ठेवला असें नव्हे. तो रद्द केला. शब्द तेच, परिणाम उलट. ज्या घरांत असा कागद येतो तेथें तो वाचून दाखविण्याचें काम बहुधा शाळेंत जाणाऱ्या मुलाकडेच येतें. ‘असाइड’ म्हणजे बाजूला, एवढेंच त्यास पाठ असेल तर जमिनीचा दावा जिंकलेला माणूस हरल्यासारखा रडेल, किंवा हरलेला पेढे वांटील. भाषेची चूक प्रत्येक वेळीं वहीच्या लाल रेघेवर भागत नाहीं, ती अशी.

आणखी एक गोष्ट. चहाच्या पेल्यांचा ‘सेट’, गणितांतला ‘सेट’ म्हणजे संच, हें नाम आहे. तें ह्या क्रियापदापासूनच झालें असेल असें सहज वाटतें. पण संच ह्या अर्थीं हा शब्द फ्रेंच भाषेंतून आला. त्याचें मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायी मंडळी. पंथ ह्या अर्थाचा ‘सेक्ट’ शब्दही त्याचाच. पुढें दोन्ही शब्द उच्चारानें एक झाले व एकमेकांत मिसळून गेले. सारख्या दिसणाऱ्या दोन व्यक्ति एकाच घराण्याच्या असतीलच असें नाहीं. व्युत्पत्ति सांगतांना हा विवेक ठेवावा.

इंग्रजी भाषा विचित्र आहे असें म्हणण्यापूर्वीं स्वतःच्या भाषेकडेही वळून पाहा. आपला घसा बसतो, आवाज बसतो, भिंत बसते, धंदा बसतो, तोटा बसतो, धक्का बसतो; आणि विश्वास, जम, घडी हींही बसतात. मराठी शिकूं पाहणारा परका माणूस विचारील, घसा कोणत्या खुर्चीवर बसला? आपणांस हें अवघड वाटत नाहीं, कारण आपण तें यादींतून शिकलों नाहीं. आईच्या तोंडून, वाक्यावाक्यांतून शिकलों. इंग्रजी शब्दही तसाच शिकावयाचा असतो. वाचतांना ‘सेट’ आढळला कीं पूर्ण वाक्य वहींत उतरून घ्या, त्यापुढें काय, कोठें, कशांत बसविलें तें पाहा, आणि त्याच प्रसंगीं मराठींत आपण कोणतें क्रियापद घालतों तें लिहा. वर्षभरांत अशीं पन्नास वाक्यें जमलीं तरी कोशांतील लांबलचक नोंदीची भीति उरणार नाहीं.

ह्या शेवटल्या कामांत पालकांचें साहाय्य फार मोलाचें आहे. आपणांस इंग्रजी येत नाहीं, तेव्हां मुलांच्या अभ्यासांत आपला काय उपयोग, असें पुष्कळ आईबापांस वाटतें. तसें मुळींच नाहीं. “ह्याला आपल्यांत काय म्हणतात?” एवढा एक प्रश्न रोज विचारावा. खड्याला बसविणें, सापळ्याला लावणें, पानांना मांडणें, खिळ्यांना जुळविणें हे भेद ज्या घरांत बोलण्यांत जिवंत आहेत, तेथल्या मुलास इंग्रजी लवकर उमगते. उलट हल्लीं गजर ‘सेट’ कर, केस ‘सेट’ कर, कार्यक्रम ‘सेट’ कर असें सरसकट म्हणण्याची संवय लागत चालली आहे. त्यामुळें लावणें, बसविणें, ठरविणें हीं तीन क्रियापदें जिभेवरून जातात, आणि बदल्यांत इंग्रजीचें एकही नीट येत नाहीं. दोन्ही भाषांचे शब्द आपापल्या जागीं बसवावयास शिकावें. मग कोणत्याही भाषेचा कागद हातीं आला तरी तो न अडखळतां वाचतां येईल, आणि घरच्यांस त्याचा अर्थ खरा सांगतां येईल.